ग्रेप सोडा घरी: कोणती द्राक्षं, किती साखर आणि गॅस जातो कुठे

काळी द्राक्षं आणून रस काढला, साखर घातली, वर गार सोडा ओतला, की जे तयार होतं ते चवीला चांगलंच असतं. पण अमेरिकेतला जांभळा डबा एकदा प्यायलेल्या माणसाला ते द्या. तो म्हणेल, हे द्राक्षाचं सरबत आहे, ग्रेप सोडा नव्हे. आणि त्याचं बरोबर असतं. साखर चुकलेली नसते, सोडाही चुकलेला नसतो. मुळात द्राक्षच वेगळं असतं.

नाशिक, सांगली, सोलापूरकडे जे पिकतं, म्हणजे थॉमसन, सोनाका, माणिक चमन, शरद सीडलेस, जम्बो, ते सगळं व्हिटिस विनिफेरा या एकाच प्रजातीचं गोत. ग्रेप सोड्याची चव घेतली आहे ती कॉन्कर्ड नावाच्या वाणावरून, आणि त्याचं मूळ व्हिटिस लॅब्रुस्का या अमेरिकी रानद्राक्षात आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कर्ड गावी इफ्रेम वेल्स बुल यांनी १८४९ मध्ये हा वाण तयार केला. जाड साल, मणी दाबला की गरापासून सुटून बोटांत राहणारी. आत बिया. आणि वास असा की घड टेबलावर ठेवला तर शेजारच्या खोलीत कळावं. १८६९ मध्ये न्यू जर्सीतल्या व्हाइनलँडला थॉमस वेल्च या दंतवैद्याने कॉन्कर्डचा रस बाटलीत भरून तापवला, म्हणजे तो आंबून त्याची वाइन होऊ नये. चर्चमधल्या विधीसाठी त्याला बिनदारूचा द्राक्षरस हवा होता. पुढे हाच रस घरोघरी गेला आणि अमेरिकी जिभेवर द्राक्ष म्हणजे कॉन्कर्ड हे पक्कं बसलं. सोडावाल्यांनी तीच चव उचलली. जॉर्जियातल्या चेरो-कोला कंपनीने १९२४ मध्ये नेहाय या नावाने फळांचे सोडे काढले, त्यांत द्राक्ष होतं. आर्कान्साच्या कॅम्डेनमधून बी. टी. फुक्स यांचा ग्रेपेट आला तो तर नावापासूनच द्राक्षाचा. जपानमध्ये फँटाचा द्राक्ष स्वाद संत्र्याच्या जोडीला वर्षानुवर्षं ठाण मांडून आहे.

त्या वासामागे मुख्यतः एक रसायन आहे: मिथाइल अँथ्रानिलेट. कॉन्कर्डमध्ये ते निसर्गतःच असतं, विनिफेरा द्राक्षांत जवळपास नसतंच. कंपन्या ते कारखान्यात बनवून घालतात, म्हणून ग्रेप सोडा, ग्रेप च्युइंगगम आणि खोकल्याचं जांभळं औषध यांचा वास सख्ख्या भावंडांसारखा येतो. आपल्याला हा वास परका वाटतो खरा, पण नाकाला तो अगदीच अनोळखी नाही. मोगऱ्यात आणि निशिगंधात हेच द्रव्य थोड्या प्रमाणात असतं. ओंजळभर मोगरा मिटलेल्या डब्यात तासभर ठेवा आणि झाकण उघडल्या उघडल्या हुंगा. फुलाच्या गोडव्यामागे एक जडसर, किंचित औषधी थर लागतो. तिकडच्या भाषेत लॅब्रुस्काला फॉक्स ग्रेप आणि त्या वासाला ‘फॉक्सी’ म्हणतात. आपल्या कोल्ह्याला द्राक्षं आंबट लागली, त्यांच्याकडे कोल्ह्याचा वासच द्राक्षाला चिकटला. गंमत म्हणजे माणसाला आवडणारं हे रसायन पक्ष्यांना मुळीच सोसत नाही, त्यांना ते झोंबतं. त्यामुळे बागांवर पाखरं बसू नयेत म्हणून फवारायच्या औषधांतही ते वापरतात.

तेव्हा घरी ग्रेप सोडा करायचा तर आधी ठरवायचं: आपल्या द्राक्षांचा चांगला सोडा हवा आहे, की तो डब्यातला वास हवा आहे? दोन्ही रस्ते वेगळे आहेत आणि मला पहिला जास्त पटतो. पण दुसऱ्यासाठीही आपल्या आसपास एक द्राक्ष आहे.

ते म्हणजे बेंगलोर ब्लू. बेंगळुरू ग्रामीण, चिक्कबळ्ळापूर, कोलार या पट्ट्यात पिकतं आणि २०१३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. लहान, गोल, काळसर निळे मणी, जाड साल, आत बिया. याच्या वंशात लॅब्रुस्का आहे, म्हणून वास थेट कॉन्कर्डच्या वळणाचा. नुसतं खायला अनेकांना आवडत नाही, कारण साल चावत बसावी लागते. सोड्याला मात्र याच्यासारखं दुसरं नाही. वर्षात दोन पिकं येतात, त्यामुळे आपला द्राक्षांचा हंगाम उलटून गेल्यावरही ते मिळू शकतं. बाजारात ओळखायचं कसं? एक मणी देठाच्या विरुद्ध टोकाने चिमटीत दाबा. गर गोळीसारखा सटकन बाहेर आला आणि रिकामी साल बोटांत राहिली तर तेच. शरद किंवा जम्बोचा मणी असा दाबला तर नुसता चेचतो.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एआरआय-५१६ नावाचा संकरित वाण काढला आहे. कॅटावबा हे लॅब्रुस्का वंशाचं द्राक्ष आणि ब्यूटी सीडलेस हे विनिफेरा यांचा तो संकर, मुख्यतः रसासाठी. ओळखीच्या बागायतदाराकडे असेल तर सोडू नका. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा मांजरी मेडिका हा वाणही रसाचाच, पुसा नवरंग आणि फ्लेम सीडलेस यांच्या संकराचा. त्याची गंमत वेगळी आहे. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रंग फक्त सालीत असतो, गर पांढरा असतो. मेडिकाचा गरही रंगीत. म्हणजे न तापवताही रस गडद निघतो. पण तो फॉक्सी वास त्यात शोधू नका.

यातलं काहीच मिळालं नाही तर फेब्रुवारी ते एप्रिलमधलं शरद सीडलेस किंवा जम्बो घ्या. हिरवी द्राक्षं सोड्याला फिकी पडतात. गोडी असते, पण सोड्याच्या झणक्यापुढे त्यांचा वास टिकत नाही.

रस

एक किलो द्राक्षांचा साधारण ६०० मिली स्वच्छ रस मिळतो, पुढचा सगळा हिशोब त्यावर आहे.

मणी देठावरून काढून घ्या, एकूण एक. देठाचा एखादा तुकडा राहिला तर काय होतं असं वाटतं, पण तापवताना त्याचा हिरवा, कडवट अर्क उतरतो आणि साखरेने तो झाकला जात नाही. मणी हाताने किंवा पावभाजीच्या मॅशरने चेचा. मिक्सर नको. बिया फुटल्या की रस तुरट होतो, आणि बिनबियांच्या द्राक्षांतही सालीचा इतका बारीक भुगा होतो की तो कुठल्याच फडक्यातून अडत नाही. हा भुगा पुढे सोड्यात त्रास देतो, त्याबद्दल खाली येईलच.

भांडं स्टीलचं घ्या. लोखंडी कढईत द्राक्षाचा रस गेला की सालीतलं टॅनिन आणि लोह मिळून रंग शाईसारखा काळपट होतो, चवीला धातू लागतो. ॲल्युमिनियमही टाळा, रस आंबट असतो.

चेचलेली द्राक्षं ६० ते ६५ अंशांपर्यंत तापवा आणि झाकून १५ मिनिटं ठेवा. थर्मामीटर नसेल तर खूण अशी: कडेला बारीक बुडबुडे दिसू लागतात, वाफ निघते, पण उकळीचा मागमूस नसतो. ही पायरी रंगासाठी आहे. थंड रस पिळला तर शरदचा रससुद्धा फिकट गुलाबी निघतो, कारण रंग सालीच्या आत बंद असतो आणि उष्णतेने सुटतो. मात्र उकळी आणू नका. उकळल्याने दोन गोष्टी होतात. सुगंध वाफेबरोबर जातो आणि त्याच्या जागी जॅमचा, शिजल्याचा वास येतो. शिवाय सालीतलं पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारं द्रव्य, भरपूर उतरतं. जॅमला ते हवंच असतं, सोड्याला नको. बेंगलोर ब्लूमध्ये पेक्टिन मुळातच जास्त असल्याने तिथे हे अधिक जपायचं.

मग दुहेरी मलमलच्या फडक्यातून रस टपटपू द्या. शेवटी हलका दाब चालेल, पण चोथा कोरडा होईपर्यंत पिळणं नको, त्याने साका आणि तुरटपणा दोन्ही वाढतात.

पेक्टिन किती उतरलं हे बघायची परीक्षा जॅम-जेलीच्या वर्गात शिकवतात तीच: एक चमचा गार रसात दोन-तीन चमचे स्पिरिट घाला, न ढवळता मिनिटभर थांबा. घट्ट गोळा जमला तर पेक्टिन भरपूर आहे, विखुरलेले तंतू दिसले तर चालण्यासारखं आहे. हे मिश्रण टाकून द्यायचं, चुकूनही चाखायचं नाही. पेक्टिन जास्त निघालं तर पेक्टिनेझ हे एन्झाइम वापरता येतं. रस ५० अंशांच्या खाली आला की पाकिटावरच्या प्रमाणात घालून तास-दोन तास ठेवायचं. जास्त गरम रसात घातलं तर एन्झाइमच मरतं आणि पैसे वाया.

आता घाई करायची नाही. हा रस फ्रिजच्या सर्वांत गार कप्प्यात दोन दिवस ठेवायचा. तळाशी गाळ बसतो आणि बाटलीच्या आतून काचेच्या चुऱ्यासारखे बारीक खडे चिकटतात. ती काच नाही, साखरही नाही. द्राक्षात टार्टारिक आम्ल असतं, त्याचं पोटॅशियमबरोबरचं क्षार थंडीत विरघळलेलं राहत नाही, त्याचे हे खडे. केकवाले ज्याला क्रीम ऑफ टार्टर म्हणतात ते हेच. खाल्ले तर अपाय नाही. पण तसेच सिरपमध्ये राहिले तर सोडा ओतताच त्यांच्या प्रत्येक टोकावर बुडबुडे धरतात आणि पेला उतू जातो. म्हणून वरचा रस निथळून घ्या, तळ हलवू नका. शेवटचे पन्नासेक मिली सोडून द्यावे लागले तरी चालतील.

सिरपचं गणित

तयार सोड्यात साखर १२ टक्क्यांच्या आसपास लागते. डब्यातले ग्रेप सोडे याच घरात असतात, काही जरा वरच. गार आणि फसफसत्या पेयात गोडी कमी जाणवते, म्हणून सिरप चाखून ‘अरे, फार गोड’ असं ठरवू नका. सोड्यात मिसळून, गार करून चाखा.

एक भाग सिरप आणि तीन भाग सोडा हे प्रमाण धरलं तर सिरपच्या दर १०० मिलीमध्ये ४८ ग्रॅम साखर हवी. शरदसारख्या पिकलेल्या द्राक्षाच्या रसात १८ ब्रिक्स, म्हणजे वजनाच्या १८ टक्के गोडी आधीच असते. ६०० मिली रसात ती सुमारे ११५ ग्रॅम झाली. वरून २५० ग्रॅम साखर घातली की साधारण ७५० मिली सिरप होतं आणि त्याचा तीन लिटर सोडा. एका पेल्याला ६० मिली सिरप, १८० मिली सोडा. पेल्यामागे साखर तीस ग्रॅमच्या आसपास, हे पिणाऱ्याला माहीत असलेलं बरं.

आंबटपणाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात आणि तिथेच सोडा मिळमिळीत होतो. खायच्या द्राक्षांत आम्ल कमी, त्यात चौपट पातळ केलेलं. तीन लिटरच्या या हिशोबाला शरद किंवा जम्बोसाठी ५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजेच लिंबूसत्त्व, लागतं. सपाट भरलेला एक छोटा चमचा. बेंगलोर ब्लू मुळात आंबट, त्याला दोन-तीन ग्रॅम पुरे. टार्टारिक ॲसिड मिळालं तर ते अधिक चांगलं, द्राक्षाचं स्वतःचं आम्ल तेच आणि चव जास्त ‘द्राक्षाची’ लागते. लिंबाचा रस सिरपमध्ये घालू नये. लिंबाचा वास द्राक्षाला खाऊन टाकतो आणि त्यातलं क जीवनसत्त्व साठवणीत द्राक्षाचा रंग फिका करतं. पेल्यात ऐन वेळी पिळलं तर हरकत नाही.

साखर आणि आम्ल कोमट रसात ढवळून विरघळवा. त्याच दिवशी संपणार असेल तर एवढंच. आठवडा-दोन आठवडे ठेवायचं तर सिरप एकदा ८० अंशांवर नेऊन लगेच उकळून घेतलेल्या बाटलीत गरमच भरा, गार झालं की फ्रिज.

एका भागाला तीन भाग या प्रमाणात एक अडचण आहे. पेल्यातला पाव भाग बिनगॅसचा असल्याने फसफस कमी पडते. दुकानातली सोडा यंत्रं एक भाग सिरपला पाच भाग सोडा घेतात, म्हणून तिथला झणका जास्त. तसं हवं असेल तर रस आटवावा लागेल, आणि आटवला की सुगंध गेला. यावर एक चांगली युक्ती आहे. ६०० मिली रस प्लॅस्टिकच्या बाटलीत, वर चार बोटं जागा सोडून, दगडासारखा गोठवा. मग बूच काढून बाटली बरणीवर उलटी धरून ठेवा. आधी वितळतो तो दाट, गोड, गडद रस, मागे राहतो तो फिका बर्फ. पहिला अर्धा, म्हणजे ३०० मिली, जमला की थांबा. बाटलीतला बर्फ चोखून बघा, पाण्यासारखा लागेल. या दाट रसाची गोडी ३० ब्रिक्सच्या आसपास जाते. यात २०० ग्रॅम साखर घातली की सव्वाचारशे मिली सिरप होतं, एकास पाच या प्रमाणात अडीच लिटर सोड्याचं. उष्णता लागली नाही, वास जागेवर, आणि टार्टरचे खडेही याच फेरीत सुटतात. ते गाळून घ्यायला विसरू नका.

बाटलीतला ग्रेप इसेन्स वापरायचा असेल तर एकच सांगणं: बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणाच्या निम्म्याने सुरू करा आणि सिरप पूर्ण गार झाल्यावरच घाला. त्यातलं मिथाइल अँथ्रानिलेट लिटरमागे मिलिग्रॅमच्या हिशोबात काम करतं. थोडं कमी पडलं तर फळ वाटतं, दोन थेंब जास्त झाले की खोकल्याचं औषध. शरदच्या खऱ्या रसावर अगदी थोडा इसेन्स, ही तडजोड मला नुसत्या इसेन्सच्या साखरपाण्यापेक्षा कितीतरी बरी वाटते.

आता रंग. इथे बऱ्याच जणांची निराशा होते, कारण खऱ्या रसाचा सोडा जांभळा दिसत नाही, लालसर माणकासारखा दिसतो. द्राक्षाच्या सालीतला अँथोसायनिन हा रंग आंबटात लाल, आम्ल कमी झालं की जांभळा आणि अल्कलीत निळा-हिरवा होतो. सोडा आंबट असतो, म्हणून लाल. डब्यातला गडद जांभळा हा लाल आणि निळ्या खाद्यरंगांचं मिश्रण आहे, अमेरिकेत बहुधा रेड ४० आणि ब्लू १. रंग जांभळा व्हावा म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा घालायचा मोह आवरा. रंग क्षणभर सुंदर जांभळा होतो, मग राखाडी, आणि चव साबणासारखी. सुकवलेली गोकर्णीची निळी फुलं हा त्यावर उपाय: आठ-दहा फुलं पाव वाटी गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून तो अर्क सिरपमध्ये घाला. गोकर्णीचा निळा आंबटात जांभळा होतो आणि द्राक्षाच्या लालला त्या बाजूला ओढतो. चव काही लागत नाही.

हाच रंग एक फुकटची चाचणीही देतो. सोडा ओतल्यावर पेय निळसर मळकट झालं तर सोड्याच्या बाटलीवरची घटकांची यादी वाचा. त्यात सोडियम बायकार्बोनेट असेल तर ते तुमच्या सिरपमधलं आम्ल खातंय. दुसऱ्या प्रकारचा सोडा घ्या किंवा आम्ल ग्रामभर वाढवा. घरच्या मशीनवर बोअरचं जड पाणी वापरलं तरी असंच होतं.

गॅस

मोजमाप ‘व्हॉल्यूम’मध्ये होतं: एक लिटर पेयात एक लिटर वायू विरघळला तर एक व्हॉल्यूम, वजनात दोन ग्रॅमला किंचित कमी. कोलात साधारण साडेतीन ते चार असतात. फळांच्या सोड्यांत मुद्दाम कमी, दोन-अडीचच्या घरात, कारण फार गॅस असला की जिभेला झणकाच कळतो, फळ कळत नाही.

सगळा खेळ तापमानाचा आहे. साध्या हवेच्या दाबाखाली १५ अंशांच्या पाण्यात एक व्हॉल्यूम मावतो, ५ अंशांच्या पाण्यात सुमारे १.४, आणि आपल्या एप्रिलमधल्या ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम ०.७. म्हणजे कोमट सिरपवर गार सोडा ओतला की त्या घटकेला गॅस उडून जातो. सिरप, सोडा, पेला, तिन्ही फ्रिजमधून काढलेली हवीत. नुसता बर्फ घालून भागत नाही. शिवाय फ्रीझरमधून काढलेल्या बर्फावर पांढरं खरखरीत दव असतं, त्यावर बुडबुडे धरतात. बर्फ आधी पाण्याखाली धरून गुळगुळीत करून घ्या.

ओतायचा क्रम: तळाशी सिरप, मग पेला तिरका धरून कडेने सोडा, शेवटी लांब चमच्याने खालून वर एकदाच उचलल्यासारखं ढवळणं. काळं मीठ हवं असेल तर ते आधीच सिरपमध्ये विरघळवून ठेवा. सोड्याच्या गाडीवर वरून मीठ टाकलं की फेसाचा डोंगर येतो, बघायला मजा येते, पण तो फेस म्हणजे तुमचा गॅसच बाहेर पडतोय.

घरच्या सोडा मशीनमध्ये फक्त पाणी भरा. रस किंवा सिरप घालून गॅस सोडला तर फेस वर चढून नळीत आणि व्हॉल्व्हमध्ये जातो, साखर तिथे वाळते आणि पुढच्या वेळी व्हॉल्व्ह अडकतो. सायफनला, म्हणजे खटका दाबून सोडा काढायच्या बाटलीला, ८ ग्रॅमची कार्बन डायऑक्साइडची गोळी (छोटं धातूचं नळकांडं) लागते. एक लिटर पाण्याला एका गोळीत कागदावर चार व्हॉल्यूम, प्रत्यक्षात तीनच्या आसपास हाती लागतात, आणि पाणी बर्फासारखं गार असलं तरच. व्हिप्ड क्रीमच्या गोळ्या दिसायला अगदी तशाच असतात, पण त्यांत नायट्रस ऑक्साइड असतो. त्याने पाणी फसफसेल, झणका मात्र येणार नाही, गोडसर मचूळ लागेल. खोक्यावरचं वाचून घ्या. सिलिंडर आणि रेग्युलेटर असलेल्यांसाठी: ४ अंशांवर १२ पीएसआय दाब धरला तर अडीच व्हॉल्यूम मिळतात, ३० पीएसआयला चारच्या आसपास.

खाण्याचा सोडा आणि लिंबूसत्त्व मिसळून ‘मशीनशिवाय सोडा’ करायच्या पाककृती फिरत असतात. गणित करून बघा. एक ग्रॅम बायकार्बोनेट अर्धा ग्रॅम वायू देतं. अडीच व्हॉल्यूमसाठी लिटरमागे पाच ग्रॅम वायू हवा, म्हणजे दहा ग्रॅम खाण्याचा सोडा. तेवढ्या सोडियमचं पाणी खारट लागतं आणि द्राक्ष त्यात हरवतं.

गोटीच्या बाटलीत द्राक्ष सोडा भरणाऱ्यांनी सिरप अगदी नितळ ठेवावं. हायरम कॉडची ही १८७२ ची रचना आजही तशीच चालते: बाटली उलटी धरून दाबाने भरायची, आतल्या वायूने गोटी मानेतल्या रबरी रिंगवर जाऊन बसते. सालीचा तुकडा त्या रिंगवर अडकला तर गोटी नीट बसत नाही आणि रात्रीतून बाटली मचूळ होते. मानेच्या खाचेत ब्रशही नीट पोहोचत नाही, तिथे गर राहिला तर बुरशी ठरलेली.

जास्त दिवस टिकवायचं असेल तर परिरक्षक निवडताना एक चूक नेहमी होते. लिंबू-संत्र्याच्या स्क्वॅशला वापरतात तो केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, लोक द्राक्षालाही घालतात. त्यातला सल्फर डायऑक्साइड अँथोसायनिनचा रंग उडवतो, गडद सिरप दुसऱ्या दिवशी फिकट दिसतं. जांभूळ, कोकम, काळी द्राक्षं अशा रंगीत फळांना सोडियम बेंझोएट. प्रमाण किलोला ०.७ ग्रॅम. वरच्या ७५० मिली सिरपचं वजन सुमारे ९०० ग्रॅम भरतं, त्याला ०.६ ग्रॅम. आधी दोन चमचे पाण्यात पूर्ण विरघळवून मग ढवळत घाला. पूड तशीच आंबट सिरपमध्ये टाकली तर जागच्या जागी पांढरे कण बनून राहते. क जीवनसत्त्वाच्या जोडीला बेंझोएट नको, दोघांतून बेंझिन तयार होऊ शकतं. आणि ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा घरी नसेल तर हे सगळं सोडूनच द्या, चिमटीने मोजायची ही वस्तू नाही. थोडं करा, फ्रिजमध्ये ठेवा, पंधरवड्यात संपवा.

राहिला यीस्टचा रस्ता. रस, पाणी आणि साखरेच्या तयार मिश्रणात चिमूटभर यीस्ट घालून बूच घट्ट लावायचं, गॅस आतच तयार होतो. अडीच व्हॉल्यूमसाठी लिटरमागे दहा ग्रॅम साखर आंबावी लागते, त्यात अर्ध्या टक्क्याहून थोडी जास्त दारूही होते, म्हणून लहान मुलांना आणि दारू वर्ज्य असणाऱ्यांना हा सोडा देऊ नये. खरा धोका वेगळाच आहे. यीस्टला अडीच व्हॉल्यूमला थांबायचं असतं हे माहीत नसतं. बाटलीत लिटरला १२० ग्रॅम साखर आहे आणि ते खातच राहतं. काचेची बाटली अशा वेळी फुटते, तुकडे लांब उडतात. सोड्याची जाड प्लॅस्टिकची बाटलीच वापरा, पाण्याची पातळ नको. वर दोन बोटं जागा ठेवा आणि दर सहा तासांनी दाबून बघा. आपल्या उन्हाळ्यात एका दिवसातच ती न उघडलेल्या कोलाच्या बाटलीसारखी टणक होते. झाली की लगेच फ्रिजमध्ये, आणि दोन-तीन दिवसांत संपवायची, कारण गारव्यात यीस्ट मंदावतं, मरत नाही. उघडताना बाटली मोरीत धरा. बूच पाव फेरा फिरवा, सुस्कारा थांबेपर्यंत थांबा, मग पुढचा पाव फेरा.